काडतूस : भरणी, सुरक्षितता व नेमाची अचूकता

बंदुकीतून एक गोळी उडविण्यासाठी लागणारे घटक, म्हणजे गोळी, दारू व पेटवणी, एकाच आवेष्टनात ठराविक प्रमाणात बसविले की, त्या संयोगास काडतूस म्हणतात. काडतुसाचे आवेष्टन प्रथम कागदाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते पितळेचे झाले. एकदा उडविलेल्या पितळी कवचात नवी पेटवणी, नवी दारू व नवी गोळी बसवून ते पुन्हा वापरण्यास योग्य करणे, या क्रियेस पुनर्भरणी म्हणतात. हौशी नेमबाजांमध्ये पुनर्भरणीचा प्रसार होण्याची कारणे दोन : खर्चातील बचत आणि आपल्या रायफलीस अनुरूप असे एकसारखे काडतूस मिळविण्याची इच्छा. काडतूस किती सुरक्षित आहे आणि ते किती अचूक आहे, हे प्रश्न वरवर वेगळे दिसत असले, तरी इतिहासात ते एकत्रच सुटत गेले. कारण दोहोंचे मूळ भरणीच्या एकसारखेपणात आहे. छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचे अधिकृत नाव औरंगाबाद) व त्याचा परिसर यांच्या इतिहासात या विकासाचे बहुतेक टप्पे पाहावयास मिळतात.

दौलताबाद व दारूचा काळ : सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणास बंदुकीची दारू म्हणतात. त्यांचे रूढ प्रमाण वजनाने अनुक्रमे ७५, १० व १५ असे आहे. दख्खनमध्ये तोफांचा वापर पंधराव्या शतकात सुरू झाला व सोळाव्या शतकात निजामशाही, आदिलशाही आणि कुतुबशाही या राज्यांनी तो पुष्कळच वाढविला. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये दौलताबादजवळ खडकी हे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले. त्याच्या मृत्यूनंतर १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखान याने दौलताबादला वेढा घातला. वेढ्यात तटाखाली सुरुंग खणून त्यांत दारू भरण्यात आली व तिच्या स्फोटाने अंबरकोट या बाहेरच्या तटाचा काही भाग पाडण्यात आला. सुमारे चार महिन्यांच्या वेढ्यानंतर किल्ला मोगलांच्या हाती गेला. या किल्ल्यावरील ‘मेंढा’ तोफ आजही प्रेक्षकांचे लक्ष वेधून घेते. तिच्या मागील टोकास मेंढ्याचे मस्तक कोरलेले असून तिच्यावर औरंगजेबाच्या नावाचा लेख आहे.

या काळातील दारूचा मुख्य दोष विषमता हा होता. तिन्ही घटक नुसतेच कुटून एकत्र केलेली भुकटी वाहतुकीत हिंदकळली की, जड व हलके कण वेगळे होत. त्यामुळे एकाच पिंपातील वरची व खालची दारू निरनिराळ्या वेगाने जळत असे. शुद्ध सोरा फारसा पाणी शोषीत नाही. परंतु त्यात मीठ किंवा चुन्याचे क्षार राहिले असल्यास पावसाळी हवेत दारू ओलसर होते. यावर यूरोपमध्ये पंधराव्या शतकापासून एक उपाय रूढ झाला. दारू ओली करून तिचे दाणे पाडीत व वाळल्यावर ते आकारानुसार चाळून घेत. दाण्याच्या आकारावर ज्वलनाचा वेग ठरत असल्याने बंदुकीसाठी बारीक व तोफेसाठी जाड दाणा वापरण्याचा प्रघात पडला. मोठ्या तोफेची दारू लहान बंदुकीत किंवा बंदुकीची दारू तोफेत भरू नये, हा संकेत त्यातूनच आला. आजच्या पुनर्भरणीतील पहिला नियमही तोच आहे : शस्त्रास नेमून दिलेली दारूच वापरावी.

तोड्याची बंदूक व मापाची गरज : तोड्याच्या बंदुकीत पेटत्या दोरीचे म्हणजे तोड्याचे टोक कान्यावरील दारूवर टेकवून बार काढीत. शिपायाच्या एका हातात जळता तोडा व दुसऱ्या हातात दारूचे शिंग असल्याने भरणीच्या वेळीच अपघात होण्याचा धोका असे. यातून दोन सुधारणा झाल्या. पहिली, एका बाराला पुरेल एवढी दारू लाकडी नळकांड्यांत आधीच मोजून पट्ट्यावर अडकविण्याची. दुसरी, दारू व गोळी एकत्र गुंडाळलेल्या कागदी पुडीची. कागदी काडतुसाने भरणी जलद झाली, हा त्याचा नेहमी सांगितला जाणारा गुण होय. परंतु प्रत्येक बाराची दारू शांतपणे, शत्रूसमोर नव्हे तर कारखान्यात मोजली जाऊ लागली, हा गुण त्याहून महत्त्वाचा आहे. घाईत एकाच नळीत दोन बार भरले जाण्याची शक्यता त्यामुळे कमी झाली, मात्र संपली नाही.

चकमकीच्या बंदुकीने तोड्याची जागा घेतली, तरी नळी गुळगुळीतच राहिली. गोळी नळीपेक्षा थोडी लहान असे. अन्यथा काही बारांनंतर साचलेल्या काजळीमुळे ती आत उतरत नसे. अशी गोळी नळीतून आपटत बाहेर पडे व तिचा मार्ग शेवटच्या आपटण्यावर अवलंबून राही. शंभर मी.च्या पलीकडे एका विशिष्ट माणसावर नेम धरणे जवळजवळ निरर्थक होते. म्हणून रांगा करून एकदम बार काढण्याची युद्धपद्धती रूढ झाली. आर्थर वेलस्ली ऑगस्ट १८०३ च्या अखेरीस औरंगाबादला पोचला व २३ सप्टेंबर रोजी केळणा व जुई या नद्यांच्या दरम्यान असई येथे (१९८१ पासून जालना जिल्हा) त्याची शिंद्यांच्या सैन्याशी लढाई झाली. या लढाईत शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजी फौजेची मोठी हानी केली. कंपनीच्या बाजूचे सुमारे १,६०० लोक ठार किंवा जखमी झाले. दोन्ही बाजूंच्या पायदळांजवळ गुळगुळीत नळीच्या बंदुकाच होत्या.

अचूकतेचे शास्त्र : नेमाचा विचार गणिताच्या पायावर आणण्याचे श्रेय इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यास दिले जाते. त्याने १७४२ मध्ये तोफशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या प्रक्षेप लंबकाने गोळीचा वेग प्रथमच प्रत्यक्ष मोजता आला. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी घुसली म्हणजे ठोकळा जितका मागे झोके घेतो, त्यावरून वेग काढता येतो. हवेचा विरोध पूर्वी समजत त्यापेक्षा पुष्कळच मोठा आहे आणि गोळीस स्वतःभोवती फिरविल्यास तिचा मार्ग स्थिर राहतो, हे त्याने दाखविले. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला व १७५१ मध्ये मद्रासच्या दक्षिणेस फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला.

नळीच्या आत मळसूत्री खोबणी पाडल्या म्हणजे गोळीस फिरकी मिळते. अशा शस्त्रास रायफल म्हणतात. खोबणीत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकून भरावी लागत असल्याने रायफल शतकानुशतके शिकाऱ्यांपुरती मर्यादित राहिली. १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी क्लोद मिन्ये याची पोकळ बुडाची लांबट गोळी प्रसिद्धीस आली. ती नळीत सहज उतरे व बार होताच तिचे बूड फुगून खोबणीत बसे. या तत्त्वावरील १८५३ ची एन्फील्ड रायफल (व्यास ०·५७७ इंच) अनेकशे मी. अंतरावर परिणामकारक ठरली. गोळी सुलभपणे उतरावी म्हणून तिच्या कागदी काडतुसास वंगण लावीत व शिपायाने पुडी दातांनी फोडून दारू नळीत ओतावी अशी कवायत होती.

काडतूस आणि १८५७ : जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील दमदम येथे या वंगणात गाय व डुक्कर यांची चरबी आहे, अशी वार्ता पसरली. हिंदू व मुसलमान अशा दोन्ही शिपायांच्या धर्मश्रद्धेस तिने धक्का दिला. मीरत येथे २४ एप्रिल रोजी घोडदळाच्या ९० शिपायांपैकी ८५ जणांनी काडतुसे घेण्याचे नाकारले. त्यांना दिली जाणारी काडतुसे जुन्या प्रकारची होती. तरीही त्यांनी नकार दिला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बंद पुडीत काय भरले आहे, हे वापरणाऱ्यास दिसत नाही. भरणाऱ्यावरील विश्वास एकदा उडाला की, निर्दोष काडतूसही संशयास्पद ठरते. शिक्षा झालेल्या शिपायांना १० मे रोजी त्यांच्या सोबत्यांनी तुरुंगातून सोडविले व उठावास तोंड फुटले.

औरंगाबादेस जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळात अस्वस्थता प्रकट झाली. येथील तात्कालिक कारण काडतुसाचे नव्हते. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास नेणार, ही शंका शिपायांना होती. जनरल वुडबर्न याच्या हाताखालील तुकडी पुण्याकडून आली व तिने तोफा रोखून हा उठाव मोडून काढला. पकडलेल्यांपैकी काहींना देहान्ताची शिक्षा झाली. शहरातील काळा चबुतरा ही जागा या घटनेशी निगडित असून तिचा परिसर आता क्रांती चौक म्हणून ओळखला जातो. उठावानंतर लष्करी सुधारणांबरोबर दारूगोळ्याच्या निर्मितीवरील सरकारी नियंत्रणही घट्ट झाले.

धातूचे काडतूस : पाऱ्याच्या फल्मिनेटाचा शोध १८०० मध्ये प्रसिद्ध झाला व १८०७ मध्ये स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ याने आघाताने पेट घेणाऱ्या संयुगाचा उपयोग बंदुकीसाठी करण्याचे एकस्व घेतले. पुढे या संयुगाच्या लहान तांब्याच्या टोप्या प्रचारात आल्या व ‘टोपीची बंदूक’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला. धातूच्या कवचात टोपी, दारू व गोळी एकत्र आणण्याचे काम १८४५ ते १८७० या काळात पुरे झाले. कवच बाराच्या दाबाने क्षणभर फुगून नळीच्या मागील भिंतीस चिकटते व तप्त वायूस मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ते किंचित आकसते व बाहेर काढता येते. पितळ या कामी सर्वांत योग्य ठरले, कारण त्यात ताण सहन करण्याची शक्ती व लवचिकपणा दोन्ही आहेत.

कवचाच्या कडेत पेटवणी भरलेली काडतुसे (उदा., १८८७ पासूनची ०·२२ लाँग रायफल) स्वस्त असतात, परंतु घोड्याच्या आघाताने कड चेपली जात असल्याने त्यांची पुनर्भरणी करता येत नाही. मध्यभागी वेगळी टोपी असलेल्या काडतुसांचे दोन प्रकार १८६६ च्या सुमारास पुढे आले. अमेरिकन हायरम बर्डन याच्या प्रकारात कवचाच्या बुडाशी ऐरण व दोन बारीक छिद्रे असतात. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर याच्या प्रकारात ऐरण टोपीतच असून छिद्र एकच व मध्यभागी असते. एका सरळ सळईने जुनी टोपी काढता येत असल्याने बॉक्सर पद्धत पुनर्भरणीस सोयीची ठरली. ही इंग्रजी पद्धत अमेरिकेत आणि अमेरिकन पद्धत यूरोपात अधिक रूढ झाली, हा इतिहासातील एक योगायोग होय.

हिंदुस्थानात लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना १८६९ मध्ये पुण्याजवळील खडकी येथे स्थापन झाला. मलिक अंबराची खडकी व पुण्याची खडकी ही दोन वेगळी ठिकाणे असून नामसाम्याचे कारण दोन्हीकडील खडकाळ भूमी हे आहे. पुण्याच्या खडकीत स्नायडर, मार्टिनी-हेन्री व नंतर ०·३०३ या रायफलींच्या काळांतील काडतूसनिर्मितीचे तंत्र टप्प्याटप्प्याने रुजले. स्वातंत्र्योत्तर काळात जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ मध्ये असाच कारखाना सुरू झाला. २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळाची पुनर्रचना झाल्यावर हे कारखाने पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्यूनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आले.

धूरहीन दारू व नवे धोके : १८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्येय याने नायट्रोसेल्युलोजापासून धूरहीन दारू तयार केली व १८८६ च्या लबेल रायफलीत तिचा उपयोग झाला. इंग्रजांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट स्वीकारले. दोऱ्यासारख्या कांड्यांच्या रूपात ते मिळे म्हणून हे नाव पडले. निलगिरीतील अरुवनकाडू येथे विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचा कारखाना उभा राहिला. नव्या दारूने वेग वाढला, धूर नाहीसा झाला व नळीतील काजळी घटली. त्याचबरोबर धोक्याचे स्वरूप पालटले. काळी दारू नळीच्या पोकळीत मावेल तेवढी भरली, तरी मजबूत शस्त्रात बहुधा संकट ओढवत नसे. धूरहीन दारूची शक्ती कित्येक पट अधिक असून पूर्ण भरणी कवचाचा काहीच भाग व्यापते, असे अनेकदा घडते. म्हणून त्याच कवचात चुकून दुप्पट दारू बसू शकते. काळ्या दारूच्या जुन्या शस्त्रात समान आकारमानाची धूरहीन दारू भरल्यामुळे नळ्या फुटल्याची उदाहरणे या संक्रमणकाळात सर्वत्र घडली.

नायट्रोसेल्युलोजाचे सावकाश विघटन होत असते. त्यातून निघणारी आम्ले विघटन आणखी वाढवितात व उष्णतेने ते झपाट्याने पुढे जाते. हे थोपविण्यासाठी दारूत स्थिरीकारके मिसळतात. परंतु तीही कालांतराने खर्ची पडतात. फ्रान्सची ‘लिबेर्ते’ ही युद्धनौका १९११ मध्ये तूलाँ बंदरात अशाच विघटित दारूमुळे स्फोट होऊन नष्ट झाली. साठवणीतील हयगय किती महाग पडते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण १४ एप्रिल १९४४ चे आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके व कापसाच्या गासड्या एकत्र होत्या. कापसास आग लागून झालेल्या स्फोटांत शेकडो माणसे मृत्यू पावली व गोदीलगतच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. ज्वालाग्राही पदार्थ व दारूगोळा एकत्र ठेवू नयेत, हा नियम त्या वेळी अज्ञात नव्हता. तो पाळला गेला नाही.

पुनर्भरणीचा विकास : अमेरिकेच्या पश्चिम भागात शिकारी लोक दुकानापासून शेकडो कि.मी. दूर राहत. उडविलेली कवचे जपून ठेवून रात्री त्यांत पुन्हा भरणी करण्याची पद्धत त्यांच्यात पडली. १८८४ च्या सुमारास जॉन बार्लो याच्या ‘आयडियल’ कंपनीने चिमट्यासारखे एक हत्यार विकण्यास सुरुवात केली. गोळी ओतणे, टोपी बसविणे व कवचाचे तोंड आवळणे ही कामे त्याने होत. फ्रँक्लिन मान या हौशी संशोधकाने अनेक वर्षांच्या प्रयोगांवर आधारलेला ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. गोळीच्या बुडाची विषमता व वजनाचा असमतोल लक्ष्यावरील विखुरणीस कसा कारणीभूत होतो, हे त्याने दाखविले. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक लष्करी दारू बाजारात आल्याने अमेरिकेत हा छंद झपाट्याने फैलावला व दारूउत्पादकांनी प्रयोगशाळेत दाब मोजून तयार केलेल्या भरणी-पुस्तिका त्याच्या आधारस्तंभ बनल्या.

पुनर्भरणीचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत : कवच स्वच्छ करून तडे तपासणे, ते साच्यात दाबून मूळ मापास आणणे, जुनी टोपी काढणे, लांबी वाढली असल्यास कड छाटणे, नवी टोपी बसविणे, दारू तोलून घालणे, गोळी ठराविक खोलीपर्यंत दाबणे, शेवटी प्रत्येक काडतुसाचे माप घेणे. प्रत्येक टप्प्याबरोबर एकेक धोका निगडित आहे. वारंवार ताणलेले कवच बुडाजवळ पातळ होते व बारात दुभंगून वायू मागे सोडते. लांबलेल्या कवचाचे तोंड नळीच्या खाचेत अडकून गोळी सुटू देत नाही व दाब वाढतो. गोळी प्रमाणाबाहेर खोल बसल्यास दारूस मिळणारी जागा कमी होऊन तोच परिणाम होतो. टोपी वर राहिल्यास ती अवेळी पेट घेऊ शकते.

यांपैकी सर्वांत घातक चुका दोन होत. पहिली म्हणजे दारूची दुप्पट भरणी. दुसरी म्हणजे दारू मुळीच न भरणे. दुसरी चूक निरुपद्रवी वाटते. परंतु नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत काही अंतर जाऊन अडकते आणि नेमबाजाने पुढचा बार काढल्यास तिच्यामागे दाब कोंडून नळी फुगते किंवा फुटते. बाराचा आवाज नेहमीपेक्षा क्षीण आला की थांबावे, शस्त्र रिकामे करून नळी आरपार पाहावी, हा नियम यासाठीच आहे.

अनुभवातून ठरलेले इतर नियम असे : मेजावर एका वेळी एकाच प्रकारची दारू ठेवावी व काम संपताच ती मूळ डब्यात परत करावी, खूण नसलेली किंवा मिसळलेली दारू नष्ट करावी, भरणी पुस्तिकेतील किमान प्रमाणापासून सुरू करावी, गोळी, टोपी, कवच किंवा दारू यांपैकी एक जरी बदलले, तरी पुन्हा किमानापासून आरंभ करावा, गोळ्या बसविण्यापूर्वी सर्व कवचे ओळीने उभी करून उजेडात दारूची पातळी तपासावी. कामाच्या जागी धूम्रपान, उघडी ज्योत व संभाषण वर्ज्य असावे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय अन्न घेऊ नये. टोप्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. त्या बाटलीत एकत्र ओतून ठेवल्यास एकीच्या पेट घेण्याने सर्वांचा स्फोट होतो. धूरहीन दारू उघड्यावर वेगाने जळते, परंतु भक्कम बंद पेटीत कोंडल्यास तिचा दाब वाढून पेटी फुटते. म्हणून तिची साठवण थंड, कोरड्या व दाब सहज मोकळा होईल अशा पेटीत करतात. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालील खोली किंवा उन्हात उभी केलेली मोटार या जागा साठवणीस सर्वथा अयोग्य होत.

नेमाची अचूकता : अचूकतेचे मोजमाप लागोपाठच्या बारांच्या विखुरणीवरून करतात. कोनाचे एक मिनिट म्हणजे १०० मी. अंतरावर सुमारे २·९ सेंमी. वेगातील फरकाचा परिणाम एका साध्या गणिताने ध्यानी येतो. हवेचा विरोध सोडून दिल्यास सेकंदास ७५० मी. वेगाची गोळी ३०० मी. अंतर ०·४ सेकंदात कापते व तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने सुमारे ७८·५ सेंमी. खाली येते. वेग एक टक्क्याने कमी झाल्यास ती आणखी सुमारे १·६ सेंमी. खाली लागते. ६०० मी. अंतरावर हाच फरक चौपट, म्हणजे सु. ६·४ सेंमी. होतो. प्रत्यक्षात हवेच्या विरोधामुळे तो याहूनही अधिक असतो. म्हणून दूरच्या लक्ष्यासाठी दारू तोलण्याची काटेकोरता महत्त्वाची ठरते. कवचांचे एकसारखे वजन, गोळीचा अक्ष व नळीचा अक्ष यांची जुळणी, खोबणीच्या पिळाचा गोळीच्या लांबीशी मेळ (यासाठी जॉर्ज ग्रीनहिल याने १८७९ मध्ये सूत्र दिले) व नळीची स्वच्छता ही इतर कारणे होत.

वेग वाढविला की अचूकता वाढते, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक रायफलींमध्ये सर्वांत कमी विखुरणी कमाल मर्यादेच्या खालील एखाद्या भरणीस आढळते. अधिक वेगाच्या हव्यासाने मर्यादा ओलांडणारा नेमबाज सुरक्षितता तर गमावतोच; पण बहुधा अचूकताही गमावतो. तसेच तीन बारांचा एक सुरेख पुंजका हा पुरावा नव्हे. अल्प संख्येत योगायोगाचा वाटा मोठा असल्याने दहा किंवा अधिक बारांचे अनेक पुंजके पाहूनच भरणीची पारख करावी लागते.

भारतातील क्रीडानेमबाजी व कायदा : स्पर्धात्मक रायफल नेमबाजीस १८६० मध्ये लंडनजवळील विंबल्डन येथे संघटित रूप आले. भारतात १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते व त्यांच्या नावाने अखिल भारतीय स्पर्धा भरविल्या जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर निर्बंध आल्यानंतर नेमबाजी हा प्रामुख्याने लक्ष्यावरील खेळ बनला. महाराष्ट्रातील अंजली भागवत (वेदपाठक) यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये व सुमा शिरूर यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मी. एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल तीन अवस्था प्रकारात कांस्यपदक मिळविले.

या प्रकारात ०·२२ ची कडपेटवणीची काडतुसे वापरतात व त्यांची पुनर्भरणी शक्य नाही. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०·४ मिमी. असल्याने नेमबाज निरनिराळ्या उत्पादन-गटांतील काडतुसे आपल्या रायफलीतून उडवून पाहतात व अनुरूप गट निवडतात. पुनर्भरणी करणारा जो एकसारखेपणा मेजावर साधतो, तोच येथे निवडीने साधला जातो. एअर रायफलमध्ये दारूच नसते. तरीही छर्ऱ्यांची निवड याच तत्त्वावर होते.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्रे बाळगण्यावर कडक निर्बंध आले. यूरोपीयांना दिलेल्या सवलतींमुळे त्यावर राष्ट्रीय सभेने सातत्याने टीका केली. स्वतंत्र भारतात त्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली व २०१६ मध्ये नवे शस्त्र नियम लागू झाले. या कायद्यानुसार दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग व तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते आणि परवान्याशिवाय त्याची निर्मिती करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे अमेरिकेतील पुस्तिका वाचून घरी पुनर्भरणीस आरंभ करणे भारतीय नेमबाजास मोकळे नाही. देशी गावठी बंदुकांत अंदाजाने दारू भरण्याचे प्रकार मात्र अधूनमधून उघडकीस येतात. तेथे नळीची शक्ती, दारूचा प्रकार व तिचे माप यांपैकी एकही गोष्ट ज्ञात नसते.

समारोप : दौलताबादच्या तटाखालील सुरुंगापासून ऑलिंपिकच्या लक्ष्यापर्यंत दारूच्या उपयोगाचे स्वरूप पालटले, तिची प्रकृती पालटलेली नाही. काडतुसाचा सारा विकास हा मापाचा विकास आहे : प्रथम दाण्याचे, मग पुडीचे, मग कवचाचे व शेवटी वेगाचे माप. जेथे माप पाळले गेले, तेथे गोळी लक्ष्यावर गेली व भरणारा सुरक्षित राहिला. जेथे ते सुटले, तेथे प्रथम नेम बिघडला व नंतर शस्त्र. बंद काडतुसाच्या आत पाहता येत नसल्याने वापरणाऱ्याचा सर्व भरवसा भरणाऱ्याच्या सचोटीवर असतो. स्वतः भरणी करणाऱ्याच्या बाबतीत या दोन्ही व्यक्ती एकच असतात. म्हणून त्याची जबाबदारी कारखान्यापेक्षा कमी होत नाही. नळीच्या मागे त्याचा स्वतःचा चेहरा असतो व नेमबाजीच्या मैदानावर त्याच्या शेजारी इतरही उभे असतात.